चीड खरंच व्हिलन आहे का? केदारकंठाहून परतल्यावर पडलेला प्रश्न

रानभूल

मंडळी, एप्रिलच्या शेवटी उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करून आलो. ट्रेकचं वर्णन फोटोंसकट नंतर टाकेन (म्हणजे टाकणार नाही, तुम्ही ओळखताच मला). पण एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती आधी विचारून घेतो.

डेहराडूनहून सांकरीला जाताना पुरोल्यापासून मोरीपर्यंत चीडच चीड (हिमालयातलं पाईन, राग नव्हे). लांबून एकदम भारी दिसतं, स्वित्झर्लंड वगैरे. मोरीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा जरा आत शिरलो, दहा पावलं गेलो नसेन आणि सपशेल आपटलो. जमिनीवर नुसत्या वाळक्या सुया, वीतभर लांबीच्या, त्यावर पाय ठरतच नाही. बसल्या बसल्या हाताने बाजूला केल्या तर खाली कोरडी ठणठणीत माती, गवताचं पातं नाही. पुढे एक अख्खा उतार काळा, बुंधे पुरुषभर उंचीपर्यंत जळलेले आणि वर शेंडे मात्र हिरवेगार, जसं काही झालंच नाही. आणि सांकरीच्या वर चढल्यावर वेगळंच जग, ओल, शेवाळ, दगडांवर नेचे, बुंध्याला हात लावला तर गार.

आमचा ड्रायव्हर म्हणाला, "सब चीड की करतूत है साहब, अंग्रेज लगा गए." तेव्हापासून विचार करतोय. हे खरं आहे का? असेल तर कापून टाकून दुसरी झाडं का लावत नाहीत?

टवाळ

आधी हे सांग की ते चीडच होतं कशावरून? आमच्या ग्रुपमध्ये हिमालयातल्या प्रत्येक झाडाला देवदार म्हणतात आणि बर्फ पडलेला असला की ख्रिसमस ट्री.

पक्षीवेडी

@टवाळ सुया मोजायच्या, सोप्पं आहे. एका जुडग्यात तीन लांब सुया म्हणजे चीड. पाच असतील आणि झाड जरा निळसर, सुया लोंबत्या, तर कैल. देवदाराच्या सुया आखूड, टोचऱ्या आणि फांदीवर गुच्छागुच्छाने चक्रासारख्या येतात. रई आणि मुरिंडा (म्हणजे स्प्रूस आणि फर) मध्ये सुई एकेकटी, त्यात रईचे कोन खाली लोंबतात आणि मुरिंड्याचे वर ताठ उभे. तू केदारकंठाच्या वाटेवर वरच्या कॅम्पला जी गर्द झाडं पाहिलीस ती बहुतेक हीच दोन, आणि मधे मधे खरसू, तो ओकचा प्रकार. उंचीप्रमाणे थर आहेत: साधारण दोन हजार मीटरपर्यंत चीड, मग बांज (हाही ओकच) आणि देवदार, मग कैल, रई, मुरिंडा, खरसू आणि झाडांची हद्द संपता संपता भोजपत्र. एकाच डोंगरात चार पाच वेगवेगळी जंगलं आहेत, आपण सगळ्याला मिळून 'पाईन फॉरेस्ट' म्हणतो.

अवांतर: आपल्या अख्ख्या द्वीपकल्पात सूचिपर्णी म्हणावं असं मूळचं एकच झाड आहे, ते पण खाली दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात. त्यामुळे आपला यात गोंधळ होणं साहजिक आहे.

निवृत्त_वनपाल

रानभूल, 'अंग्रेज लगा गए' हे अर्धंच खरं. चीड हिमालयाचंच झाड आहे, कोणी बोटीतून आणलेलं नाही. इंग्रजांनी काय केलं तर ज्याचा पैसा होतो त्याला मोठं केलं. रेल्वेला रुळांखाली लाकडी स्लीपर पाहिजे होते, आधी देवदार तोडला. हर्सिलला विल्सन नावाचा एक गोरा होता, पहाडी विल्सन म्हणतात त्याला, त्याने भागीरथीत ओंडके सोडून खाली मैदानात नेले आणि गडगंज झाला. चीडचं लाकूडही पुढे स्लीपरला चालायला लागलं, शिवाय चीडला खाच पाडली की लीसा (चिकट चीक) गळतो, त्याचं टर्पेंटाइन आणि राळ होते. सारंगीच्या गजाला घासतात ती राळ हीच. बांजाला या हिशोबात किंमत शून्य, फार तर कोळसा. मग ज्या जंगलात बांज आणि चीड शेजारी शेजारी होते तिथे वर्षानुवर्षं राखलं काय आणि कापू दिलं काय, हे लक्षात येईल.

तो जो बुंधा तुम्हाला जळलेला दिसला त्याची साल जाड असते, खालून जाणारी आग ती सोसते. लीशासाठी खाच पाडलेली असेल तर मात्र आग त्या जखमेतून आत शिरते, मग झाड पोकळ होतं आणि वादळात मोडतं. मी महाराष्ट्रातच नोकरी केली पण ट्रेनिंगला तिकडे होतो, लीशाची ती छोटी भांडी लटकवलेली झाडं रांगेने पाहिलीत, सलाईन लावलेल्या पेशंटसारखी.

सरळसोट

एवढा इतिहास ठीक आहे पण प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. जे झाड पेटतं, पाणी धरत नाही, खाली काही उगवू देत नाही ते कापा आणि बांज लावा. उत्तराखंडात चीडखाली साधारण चार लाख हेक्टर आहे म्हणे. १९८१ पासून हजार मीटरच्या वर हिरवं झाड तोडायला बंदी आहे, ती भावनिक बंदी आहे. चिपकोवाल्यांच्या (झाडांना मिठी मारून तोड अडवायचं ते आंदोलन) नादाने केलेली. त्यामुळे चीड वाढतच चाललाय.

कुमाऊंची_सून

बरेच दिवस नुसती वाचत होते, आता लिहावंच लागेल. मी माहेरची नाशिकची, गेली अकरा वर्षं अल्मोडा जिल्ह्यात आहे. मोबाईलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

सरळसोटदादा, बांज "लावा" म्हणणं फार सोपं आहे हो. आमच्या घरामागे मी स्वतः लावून पाहिलेत. बांजाचं फळ म्हणजे ओकचं एकॉर्न, हिवाळ्यात पडतं आणि त्याला वाळलेलं चालत नाही, वाळलं की मेलं. त्याला खाली पालापाचोळ्याची ओलसर दुलई लागते, वर सावली लागते आणि पावसाळ्यापर्यंत माकडांनी, अस्वलांनी, किड्यांनी खाऊ नये एवढं नशीब लागतं. मी पहिल्या वर्षी टोपलीभर वेचून आणून पडवीत ठेवले, होळीनंतर लावू म्हटलं. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या आता बकरीला घाल. एकही उगवला नाही.

आता चीडचं बघा. त्याचे कोन उन्हाळ्यात तडकतात, बी हलकं, पंख असलेलं, वाऱ्यावर उडतं. खाली नुकतीच आग लागून जमीन उघडी झालेली असेल तर अजूनच बरं, तेवढ्यात पाऊस येतो आणि रोप तयार. त्याला ऊन आवडतं. म्हणजे आग लागली की बांजाचं रोप मरतं आणि चीडला अंगण झाडून मिळतं. पुढच्या वर्षी सुया जास्त, आग जास्त, असं ते चक्र आहे.

पण ते चक्र सुरू कोणी केलं? बांज हे इथे गाईम्हशींचा चारा, जळण, नांगर, सगळं काही आहे. बायका पहाटे निघतात, पाठीवर पानांचा भारा घेऊन येतात. जवळचं बांज वर्षानुवर्षं ओरबाडलं गेलं की वरची सावली विरळ होते, जमीन वाळते आणि बाजूच्या उतारावरचा चीड हळूच आत येतो. चीड घुसखोर नाही, दार उघडं दिसलं म्हणून आला. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं म्हणजे घरात ओल आली म्हणून बुरशीला शिव्या देण्यासारखं आहे.

आणि रानभूल, 'खाली काहीच उगवत नाही' हे तू एप्रिलमध्ये गेलास म्हणून. सप्टेंबरात ये, चीडखाली कमरेएवढं गवत असतं. त्या गवतासाठीच तर कोणी कोणी काडी लावतं, सुया जळल्या की पावसात कोवळं गवत येतं. आणि तू जसा आपटलास ना तशा इथल्या बायका घास कापताना दर वर्षी सरकतात, कोणी पाय मोडून घेतं, कोणी खाली दरीत जातं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर सुया जाळणं हा मूर्खपणा वाटत नाही.

मी_सातारकर

+१ ताई. आमच्याकडे डिट्टो. फेब्रुवारी मार्चमध्ये डोंगर पेटवतात, का तर पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. वनखातं जाळरेषा काढतं, आम्ही पोरं जाऊन झाडपाल्याने वणवा झोडपतो, आणि परत तेच. आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, परदेशी झाड) लावलेल्या टेकड्या बघा, हिरव्यागार दिसतात, खाली जा, किडा नाही मुंगी नाही. त्यामुळे रानभूलचा प्रश्न वाचून मला हिमालय आठवलाच नाही, आमची टेकडी आठवली.

निवृत्त_वनपाल

सरळसोट, चिपकोबद्दल थोडं. नादाने वगैरे नाही. १९७० साली अलकनंदेला मोठा पूर आला, गावं गेली, तेव्हा लोकांनी वर तोडलेल्या जंगलाशी त्याचा संबंध जोडला. १९७३ मध्ये मंडल गावच्या लोकांना शेतीच्या अवजारांसाठी अंगूची (इंग्रजीत ॲश) चार झाडं मिळेनात आणि त्याच जंगलातली अंगूची झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीला दिली, तिथून ठिणगी पडली. मग २६ मार्च १९७४ ला रेणी गावात गौरा देवी आणि बायका उभ्या राहिल्या, त्या दिवशी गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या नावाखाली चमोलीला गेलेले होते. मागणी काय होती तर जंगलावर पहिला हक्क गावाचा. बंदी ही नंतर आली, आणि बंदी आल्यावर झालं असं की ठेकेदाराबरोबर गाववालाही बाहेर गेला. मी खात्यातला माणूस, पण हे मान्य करायला पाहिजे.

जुनं उदाहरण सांगतो. १९११ नंतर कुमाऊंत सरकारने गावांची जंगलं राखीव केली. १९२१ च्या संक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयू नदीत फेकल्या, आणि त्याच उन्हाळ्यात चीडची राखीव जंगलं पेटली, पेटवली. जंगल आपलं नाही म्हटल्यावर विझवायला कोण धावणार? त्यानंतर सरकारला नमून १९३१ मध्ये वनपंचायतीचे (गावाने आपलं जंगल सांभाळायचं, त्याची पंचायत) नियम करावे लागले. आजही तिथे अकरा हजारांवर वनपंचायती आहेत, आपल्याकडे सामूहिक वनहक्काचं जे चालतं त्याचा हा जुना चुलतभाऊ म्हणा.

सरळसोट

वनपाल काका, मुद्दा पोचला. तरी माझा प्रश्न शिल्लक आहे. चक्र सुरू कोणीही केलं असो, आता थांबवणार कसं? २०१६ मध्ये चार हजारांवर हेक्टर जळलं, हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं. २०२४ ला परत तेच.

कुमाऊंची_सून

२०२४ चं नका आठवण करून देऊ. १३ जूनला बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे चार कर्मचारी जागीच गेले, बाकीचे भाजले. कायमचे साहेब नव्हेत, बरेचसे फायर सीझनपुरते घेतलेले लोक, हातात काय तर हिरव्या फांद्या आणि दाताळं. आमच्या गच्चीवर त्या आठवड्यात रोज सकाळी राख झाडावी लागायची, वाळत घातलेले पापड फेकून दिले. समोरचा डोंगर दिसतच नव्हता. कागदावर फायर सीझन १५ फेब्रुवारी ते १५ जून, पण २०२१ ला जानेवारीतच आगी लागल्या होत्या, हिवाळ्यात पाऊस बर्फ झालाच नाही म्हणून.

आणि अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. गावं रिकामी होताहेत. मुलं दिल्लीला, हल्द्वानीला. पूर्वी घराभोवतीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात नांगरट असायची, आग तिथे येऊन थांबायची. आता त्या शेतात गवत आणि चीडची रोपं, आग थेट उंबऱ्यापर्यंत. पिरूल (सुयांना इथे पिरूल म्हणतात) पूर्वी गोठ्यात गुरांखाली अंथरायला न्यायचे, आता गुरंच नाहीत तर नेणार कोण.

टवाळ

पिरूल गोळा करायला सरकार पैसे देतं ना? कुठेतरी वाचलं होतं, पन्नास रुपये किलो. मी नोकरी सोडून येतो.

कुमाऊंची_सून

@टवाळ ये ये. आधी तीन रुपये किलो होता, २०२४ च्या मे महिन्यात पन्नासची घोषणा झाली. पण पिरूल म्हणजे हवा रे, पाठीवर डोंगराएवढा भारा दिसतो आणि काट्यावर टाकला की पंधरा किलो. तो उतारावरून, घसरत, उन्हात, रस्त्यापर्यंत आणायचा. त्याच्या विटा करून जाळतात, वीज करायचे प्रयोग झाले, बायका टोपल्या आणि राख्या विणतात. चांगलं आहे सगळं, पण लाखो हेक्टरवर पडतं तेवढं टोपल्यांत मावणार नाही.

पक्षीवेडी

जरा वेगळा मुद्दा. पक्ष्यांच्या बाजूने पाहिलं तर दाट एकसुरी चीडपेक्षा बांज खरसूच्या रानात खूपच जास्त पक्षी दिसतात, म्हातारी झाडं, ढोल्या, शेवाळ, किडे. पण चीर फेजंट म्हणून जो तितरासारखा दुर्मीळ पक्षी आहे त्याला उघडे, गवताळ, मधूनमधून झाडी असलेले उतार लागतात, जे चराई आणि जाळण्यामुळेच टिकून राहतात. म्हणजे आग सगळीकडून कायमची बंद केली तर याचं घर जातं. उलट जुजुराणा (वेस्टर्न ट्रॅगोपान, हिमाचलचा राज्यपक्षी) याला दाट, गर्द, शांत जंगल पाहिजे. एका पक्ष्याचं औषध ते दुसऱ्याचं विष.

जुजुराण्यासाठी मी कुल्लूच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला गेले होते, तीर्थन खोऱ्यात. चार दिवसांत एकदा आवाज ऐकू आला, दर्शन शून्य. पार्कला २०१४ मध्ये जागतिक वारसा मिळाला, जंगल अप्रतिम, पण १९९९ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा आसपासच्या गावांची चराई आणि जडीबुटी, गुच्छी (जंगली अळंबी) गोळा करणं आतून बंद झालं. आमचा वाटाड्या मेंढपाळाच्या घरातला होता. एका थाचवर, म्हणजे कुरणावर, थांबून म्हणाला की आजोबा इथे उन्हाळाभर राहायचे, मी पर्यटकांबरोबरच येतो. मग पुढे निघाला, बोलला नाही काही.

हनोलवाला

धागा छान चाललाय. मी चक्राताकडून गेलो होतो, हनोलच्या महासू देवळाला. टोंस नदीच्या काठाने त्युनी मोरी रस्त्यावर एका चीडच्या झाडाची समाधी आहे, खरीखुरी! साठ मीटरवर उंची होती, आशियातलं सगळ्यात उंच चीड म्हणून सरकारने महावृक्ष घोषित केला होता, २००७ मध्ये पडला. त्याच्या खोडाचे ओंडके तिथे जपून ठेवलेत. व्हिलनची कोणी समाधी बांधतं का?

रानभूल

@हनोलवाला हे माहीत असतं तर त्याच वाटेने गेलो असतो राव.

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता माझं पण एक कबूल करतो. दुसऱ्या कॅम्पवर रात्री आमच्या ट्रेक लीडरने शेकोटी केली, अभयारण्याच्या हद्दीत. कंपनीचं नाव घेत नाही. सुकलेल्या फांद्या आहेत, कोणाचं काय जातं म्हणाला. आम्ही पण सगळे पुणेकर मुंबईकर गाणी म्हणत बसलो, मी सुद्धा. सकाळी पाहिलं तर राखेत एक जाड जिवंत ओली फांदी अर्धवट जळलेली, पानांसकट. खरसूची. मला आता नाव कळलं.

पक्षीवेडी

खरसू फार सावकाश वाढतो रे. आणि ज्याला 'सुकलेलं लाकूड' म्हणतात त्यातच सुतार पक्षी आणि किडे राहतात. स्वयंपाकाला गॅस, शेकायला कपडे. शेकोटी करणार असाल तर पैसे देणार नाही असं बुकिंगच्या वेळीच लिहून विचारायचं, दहा जणांनी विचारलं की फरक पडतो. बुग्यालांवर (उंचावरच्या कुरणांवर) रात्री राहायला नैनीताल हायकोर्टाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती काही उगाच नाही.

निवृत्त_वनपाल

चीड राहू द्या, मला देवदाराची जास्त काळजी आहे. जागेश्वरला रस्ता रुंद करायला हजारभर देवदार काढायचं चाललं होतं, २०२४ मध्ये गावकरी उभे राहिले. गंगोत्रीच्या वाटेवर भागीरथी इको सेन्सिटिव्ह झोन २०१२ पासून आहे, चार हजारांवर चौरस किलोमीटर, तरी तिथेही हजारो देवदारांचा प्रश्न लटकलेला आहे. लोकांनी तिथे झाडांना राख्या बांधल्यात. त्याच खोऱ्यात धरालीला ऑगस्ट २०२५ मध्ये चिखलदगडांचा लोंढा आला ते सगळ्यांनी पाहिलं, आपल्याकडचेही कितीतरी पर्यटक अडकले होते. देवदारांमुळे तो लोंढा थांबला असता असं मी म्हणत नाही, तो फार वरून आला. पण ज्या उतारावर मुळं माती धरून बसलीयेत तिथेच मशीन लावायचं म्हणजे कठीण आहे.

सरळसोट

मी बंदीला भावनिक म्हटलं ते मागे घेतो. अर्धं. रस्त्याला हजारो देवदार चालतात आणि गावाला वाळलेला चीड चालत नाही, असली बंदी मग कोणासाठी आहे? बरं, कुमाऊंची सून, कुठे काही चाललंय का खरोखर, की सगळंच रडगाणं?

कुमाऊंची_सून

चाललंय ना. आमच्यापासून जवळ शीतलाखेत आहे, स्याहीदेवीचं जंगल, कोसी नदीला पाणी देणारा भाग. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या एका फार्मासिस्टने आणि गावच्या बायकांनी वीस वर्षं धरून ठेवलंय. त्यांनी पहिलं काय केलं माहितीये का? झाडं लावली नाहीत. नांगर बदलला. इथे नांगर बांजाच्या लाकडाचा, तो झिजतो, मोडतो, म्हणजे दर थोड्या वर्षांनी प्रत्येक घरामागे एक चांगलं सरळ तरणं बांज जातं. अल्मोड्याच्या कृषी संस्थेबरोबर त्यांनी हलका लोखंडी नांगर करून घेतला, व्हीएल स्याही हल. आमच्या घरी पण आहे, मी एका हाताने उचलते. बांजावरचा हात थांबला तसं बुंध्यातून आपसूक फुटायला लागलं, कोणी लावलेलं नाही.

दुसरं म्हणजे ओण. शेताच्या कडेचं झुडूप, काटेकुटे कापून ढीग करून जाळतात त्याला ओण म्हणतात, आणि तीच आग मे महिन्यात हातातून सुटून जंगलात जाते. तर ३१ मार्चच्या आत सगळं जाळून मोकळं व्हायचं असं गावांनी ठरवलं आणि १ एप्रिलला ओण दिवस साजरा करतात, बायका जंगल वाचवायची शपथ घेतात. आग लागली की त्याच आधी पोचतात. पौडीकडे उफरैंखालला असंच लोकांनी डोंगरावर छोटे छोटे खड्डे खणले, चाल-खाल म्हणतात, पाणी मुरलं आणि आटलेला ओढा परत वाहायला लागला.

चीड आहेच तिथे अजून. कोणी कापला नाही.

टवाळ

विनोद बाजूला ठेवून विचारतो, १ एप्रिलला बाहेरच्यांनी आलेलं चालतं का?

कुमाऊंची_सून

चालतं. काठगोदामपर्यंत ट्रेन, पुढे शेअर जीप. सुती कपडे घालून ये, टेरिलिन नको, ठिणगीने चिकटतं. आणि बूट चांगल्या ग्रिपचे, रानभूलला विचार का ते.

रानभूल

😅 माझं ठरलं, मी पण. अजून एक, मोरीहून एक चीडचा कोन उचलून आणला होता, टीव्हीवर ठेवलाय. परवा पाऊस सुरू झाला तर तो चक्क मिटला. बायको म्हणते खराब झाला, टाक.

पक्षीवेडी

टाकू नकोस! दमट हवेत मिटतो, कोरड्यात उघडतो. पाऊस गेला की बघ. आणि पुढच्या वेळी उचलू नकोस.